आधी ताळा करून पाहा

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात याच सदरात एका वाचकांचे पत्र आले होते. पुरवणीतल्या एका लेखात ‘एक किलो पेट्रोल जाळले की तीन किलोहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत जातो’ असे वाक्य होते, त्याला त्यांचा आक्षेप होता. एक किलोच्या पिशवीतून तीन किलो सामान कसे निघेल, असा त्यांचा सवाल. सवाल झकास आहे. वाचून मीही हसले. पण आकडा बरोबर आहे आणि पत्रलेखक चुकले आहेत. त्यांना खिजवण्यासाठी हे लिहीत नाही. साडेतीन वर्षांपूर्वी ते पत्र मीच लिहिले असते, आणि त्यांच्यापेक्षा जास्त तावातावाने.

मी चौदा वर्षे हिशेबाचे काम केले. जमा, नावे, शिल्लक, ताळेबंद. रसायनशास्त्र शाळेतच सुटले होते आणि सुटले याचे तेव्हा दुःखही झाले नव्हते. सदतिसाव्या वर्षी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. प्रवेशाच्या वेळी स्पष्ट सांगितले गेले की, उच्च माध्यमिक पातळीचे रसायनशास्त्र येते असे धरूनच पहिल्या दिवसापासून शिकवू. येत नसेल तर तुमचे तुम्ही करून या. हातात अकरा महिने होते. नोकरी चालू होती, त्यामुळे अभ्यास रात्री साडेनऊनंतर. शिकवणी लावली नाही. आता तिसऱ्या वर्षाला आहे.

आधी त्या तीन किलोंचा हिशेब देते, म्हणजे पुढचे बोलायला मोकळी होईन.

पेट्रोल म्हणजे पुष्कळ द्रव्यांचे मिश्रण. गणितापुरते त्यातले एकटे ऑक्टेन घेऊ. ऑक्टेनच्या एका रेणूत कार्बनचे ८ अणू आणि हायड्रोजनचे १८. कार्बनचे अणुवस्तुमान १२, हायड्रोजनचे १. म्हणजे ९६ अधिक १८, एकूण ११४. जळताना कार्बनच्या प्रत्येक अणूला ऑक्सिजनचे दोन अणू येऊन जोडले जातात, आणि ऑक्सिजनचा एकेक अणू १६ चा. बारा वजनाचा कार्बन आत जातो आणि ४४ वजनाचा कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतो. असे आठ, म्हणजे ३५२. एकशे चौदा ग्रॅमला तीनशे बावन्न, तर एक किलोला साधारण ३.१ किलो. उरलेल्या १८ हायड्रोजनचे पाण्याचे ९ रेणू होतात, वजन १६२. या सगळ्याला लागलेल्या ऑक्सिजनचे २५ अणू, वजन ४००. आता दोन्ही बाजू मांडा. आत गेले ११४ आणि ४००, एकूण ५१४. बाहेर आले ३५२ आणि १६२, एकूण ५१४. पिशवी एक किलोचीच होती, पण वाटेत साडेतीन किलो ऑक्सिजन तिला येऊन मिळाला. तो डोळ्यांना दिसत नाही म्हणून पत्रलेखकांनी त्याची नोंदच केली नाही.

मीही केली नव्हती. अभ्यासाच्या चौथ्या महिन्यात हे गणित पहिल्यांदा पुढ्यात आले, तेव्हा मी तीन वेळा उत्तर खोडले. इंधनापेक्षा धूर जड, म्हणजे मी कुठेतरी उलटा भागाकार केला, अशी माझी खात्री. पुस्तकाच्या शेवटी तेच उत्तर छापलेले पाहिले, तरी छपाईची चूक असेल म्हणून झोपले. दुसऱ्या दिवशी कामावर एका खात्याचा मेळ लागत नव्हता. एकच बाजू पाहत बसलेल्या नव्या सहकाऱ्याला मी म्हणाले, ‘अरे, दुसरी बाजू उघड की.’ आणि बोलता बोलता माझी मलाच लाज वाटली. रात्री घरी येऊन ऑक्सिजनची बाजू उघडली.

हा प्रसंग इतका सविस्तर सांगते आहे, कारण स्वतःच स्वतःला रसायनशास्त्र शिकवणाऱ्याची खरी अडचण यात आहे. पुस्तके पुष्कळ मिळतात. वेळही काढला की निघतो. पण आपले कुठे चुकले हे सांगायला समोर कोणी नसते. त्यातून या विषयात चूक करणाऱ्याला ती चूक शहाणपणासारखी वाटते. ‘एकातून तीन निघत नाहीत’ हे शहाणपणच आहे. फक्त ते अर्धे आहे.

माझी सुरुवात तर अगदी फसलेली. विषय पाठांतराचा, हा शाळेपासूनचा ग्रह. म्हणून आवर्त सारणीचा मोठा तक्ता पलंगासमोर लावला आणि पहिल्यापासून ओळीने नावे पाठ करू लागले. तीन आठवडे. अणुअंक ३० पर्यंत न अडखळता म्हणायला लागले आणि त्याचा शून्य उपयोग झाला. त्यानंतर एक जाडजूड पुस्तक घेऊन रंगीत पेनाने खुणा करत वाचत सुटले. वाचताना सगळे समजत होते. हे ‘समजत होते’ फार फसवे. पाच प्रकरणे झाल्यावर पुस्तक मिटून पहिल्या प्रकरणाखालची वीस गणिते सोडवायला बसले. बरोबर आली तीन. त्यांतल्या एकात दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या होत्या, म्हणजे खरी दोनच.

त्या रात्री रंगीत पेने ड्रॉवरमध्ये टाकली. त्यानंतर एक नियम: वाचन अर्धा तास, पेन्सिल दीड तास. आणि चुकलेले गणित खोडायचे नाही. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर उत्तर, आणि खाली एका ओळीत का चुकले ते. हिशेबाच्या वहीत खाडाखोड चालत नाही, रेघ मारून वर सही करायची असते. हीच सवय इकडे आणली. शेवटी त्या वहीची पाने मोजली, तेव्हा ‘का चुकले’च्या ओळींत निम्म्याहून अधिक वेळा एकच कारण निघाले. एकक लिहिले नव्हते.

एककांची गोष्ट कोणीतरी पहिल्याच दिवशी दरडावून सांगायला हवी होती. आकडा नुसता लिहायचाच नाही. १८ नाही, १८ ग्रॅम. आणि नुसते ग्रॅमही नाही, १८ ग्रॅम पाणी. वायूचा दाब, आकारमान आणि तापमान जोडणाऱ्या समीकरणात तापमान सेल्सिअसमध्ये घातले की उत्तर येतेच, ठाम येते, आणि चुकीचे येते, तिथे २७३.१५ मिळवून केल्विन करावे लागते. दाब वातावरणात आणि आकारमान लिटरमध्ये असेल तर वायूचा स्थिरांक ०.०८२१, पास्कल आणि घनमीटर असतील तर ८.३१४. दोन पुस्तकांत दोन आकडे पाहून मी एका पुस्तकाला मनातल्या मनात खोटे ठरवले होते. दोन्ही खरी होती. आठ रुपयांना आठशे पैसे म्हणणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी मोल आहे. मला विचाराल तर शालेय रसायनशास्त्राचा दरवाजा हाच, बाकीच्या खोल्या आतून उघडतात. आणि नेमका हाच शब्द बहुतेक पुस्तके एका व्याख्येत उरकतात. व्याख्या मी आठ दिवस पाठ केली: ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात. पाठ झाली आणि मोल काही कळला नाही. कळला तो नाण्यांवरून. नाण्यांची मोठी थैली आली की एकेक नाणे मोजत बसत नाहीत. एका नाण्याचे वजन ठाऊक असते, थैली काट्यावर ठेवतात आणि भागाकार करतात. वजनातून संख्या काढायची. अणू तर डोळ्यांना दिसतही नाहीत, मग ते मोजणार कसे? वजन करून. कार्बनचा अणू १२ चा, ऑक्सिजनचा १६ चा. म्हणजे १२ ग्रॅम कार्बनमध्ये जितके अणू, तितकेच १६ ग्रॅम ऑक्सिजनमध्ये. त्या ‘तितके’ला नाव दिले मोल. तो प्रचंड आकडा गणितात बहुतेक वेळा लागतही नाही. लागते ते एवढेच, की थैल्या सारख्या संख्येच्या आहेत.

जुन्या आणि नव्या पुस्तकांत इथेही फरक आहे, तो मला कोड्यात टाकून गेला. जुनी पुस्तके म्हणतात, १२ ग्रॅम कार्बन-१२ मध्ये जितके अणू असतील तितके म्हणजे एक मोल. २० मे २०१९ पासून व्याख्या बदलली. आता संख्याच नेमकी ठरवून टाकली आहे, ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. शालेय गणितांत यामुळे उत्तरात काडीचा फरक पडत नाही. पण एकट्याने शिकणाऱ्याला हे कोण सांगणार? तसेच वायूच्या आकारमानाचे. एका पुस्तकात एक मोल वायू २२.४ लिटर, दुसऱ्यात २२.७. पहिल्यात दाब एक वातावरण धरलेला, दुसऱ्यात एक बार. प्रमाण दाब बदलण्याची शिफारस १९८२ सालची, पण दोन्ही आकडे अजून नांदतात. आवर्त सारणीचे गण, म्हणजे उभे स्तंभ, हेही काही तक्त्यांत रोमन आकडे आणि अ-ब अशा खुणांनी, काहींत सरळ १ ते १८. माझ्या पलंगासमोरचा तक्ता जुना होता आणि पुस्तक नवे. पंधरा दिवस मी क्लोरीन सातव्या गणात आहे की सतराव्या, यावरून हैराण होते.

मोलपाशी अडकले असताना मी विज्ञानाचा थोडा इतिहास वाचला, आणि आश्चर्य म्हणजे त्याने धीर आला. १८०८ साली डाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने अणुवादाचा ग्रंथ छापला. पाण्यात एक हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, असे त्याने धरले, कारण सर्वांत सोपे तेच. पण तसे धरले की ऑक्सिजनचा अणुभार निम्मा निघतो: १६ च्या जागी ८. एका जागी चुकलेला आकडा पुढच्या प्रत्येक पानावर चुकत जातो, हे हिशेबनिसाला वेगळे सांगायला नको. १८११ मध्ये आव्होगाड्रो या इटालियन शास्त्रज्ञाने तोडगा सुचवला: तापमान आणि दाब सारखे असतील तर सारख्या आकारमानाच्या कोणत्याही वायूंत रेणूंची संख्या सारखीच असते. दोन भांडी हायड्रोजन, एक भांडे ऑक्सिजन आणि त्यातून दोन भांडी वाफ, हे कोडे यातून सुटते. फक्त ऑक्सिजनचा रेणू दोन अणूंचा आहे हे मानावे लागते. बहुतेकांनी ते मानले नाही. १८६० मध्ये जर्मनीतल्या कार्ल्सरूहे इथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तिथे कॅनिझ्झारो या दुसऱ्या इटालियनाने आव्होगाड्रोचा मुद्दा लावून धरला, त्याची पुस्तिका लोकांच्या हाती पडली, आणि मग हळूहळू गुंता सुटू लागला. आव्होगाड्रो तेव्हा जाऊन चार वर्षे झाली होती. त्या परिषदेत मेंडेलेव्ह हा तरुण बसला होता. त्याची आवर्त सारणी १८६९ ची. म्हणजे भले भले लोक पन्नास वर्षे जिथे अडले, तिथे मी पंधरा दिवस अडले होते. मग मी स्वतःला शिव्या देणे थांबवले.

आता एक चूक पूर्ण दाखवते, कारण ती जवळजवळ प्रत्येक जण करतो. १० ग्रॅम हायड्रोजन आणि ६४ ग्रॅम ऑक्सिजन दिला आहे. पाणी किती होईल? मी बेधडक म्हणाले, हायड्रोजन कमी आहे, तोच आधी संपणार. पण थैल्यांत मोजा. हायड्रोजनचा रेणू २ चा, म्हणजे १० ग्रॅममध्ये ५ मोल. ऑक्सिजनचा ३२ चा, म्हणजे ६४ ग्रॅममध्ये २ मोल. दोन हायड्रोजनमागे एक ऑक्सिजन लागतो; पाचांना अडीच हवेत आणि आहेत दोनच. ऑक्सिजन आधी संपला! पाणी झाले ४ मोल, ७२ ग्रॅम. हायड्रोजन उरला एक मोल, २ ग्रॅम. बहात्तर आणि दोन चौऱ्याहत्तर, आत घातले तेही चौऱ्याहत्तर. ग्रॅम हे ग्रॅमांशी ताडून पाहायचे नसतात, हे माझ्या वहीत लाल शाईने लिहिलेले एकमेव वाक्य आहे.

ऑक्सिडीकरण आणि क्षपण, म्हणजे इलेक्ट्रॉन देणे आणि घेणे, हे प्रकरण मला सर्वांत सोपे गेले. त्याचे श्रेय माझ्या नोकरीला. सगळे विद्यार्थी इथे एकाच दगडाला ठेचकाळतात: इलेक्ट्रॉन मिळाले तर त्याला ‘क्षपण’ का म्हणायचे? क्षपण म्हणजे घट, झीज. मिळाल्यावर घट कशी? अहो, इलेक्ट्रॉन ऋण असतो. इलेक्ट्रॉन मिळणे म्हणजे कर्ज मिळणे. खात्यावर अधिक तीन शिल्लक असलेल्या लोहाला तीन इलेक्ट्रॉन चिकटवा, शिल्लक शून्य. घटच झाली की. शब्दाचा मूळ उगम मात्र आणखी जुना आहे आणि तोही वजनाचाच: खनिजापासून धातू काढताना माल घटतो. लोहाच्या ऑक्साइडचे १६० ग्रॅम घेतले तर त्यात लोह निघते ११२ ग्रॅम. ४८ ग्रॅम ऑक्सिजन गेला. भट्टीवाल्यांना इलेक्ट्रॉन ठाऊक नव्हते, पण घट ठाऊक होती. आणि ज्या कार्बन मोनॉक्साइडने तो ऑक्सिजन नेला, त्याच्या कार्बनची शिल्लक अधिक दोनवरून अधिक चारवर गेली. एकाची घट ती दुसऱ्याची वाढ. दुहेरी नोंद! हे कळले त्या रात्री मी इतकी खूश झाले की घरच्यांना उठवून सांगावेसे वाटले. उठवले नाही.

पीएचने, म्हणजे आम्लता मोजायच्या पट्टीने, मात्र नाक घासायला लावले. तिथे आकडा एकाने उतरला की आम्लता दसपट. लॉगरिदम मी विसरले होते. पीएच ३ आणि पीएच ६ यांत तिपटीचा फरक वाटायचा. तो हजारपट असतो. एकदा स्वतःच गणित तयार केले: हायड्रोक्लोरिक आम्ल पातळ करत करत लिटरला दहाच्या उणे आठव्या घाताइतक्या मोलपर्यंत आणले, तर पीएच किती? सूत्रात घातले, उत्तर ८. म्हणजे शुद्ध पाण्यात आम्ल टाकून मी ते आम्लारी केले होते! हसावे की रडावे कळेना. दोन दिवस सूत्राकडे संशयाने पाहिले. सूत्र बिचारे निर्दोष होते. पाण्याचे स्वतःचे हायड्रोजन आयन असतात, दहाच्या उणे सातव्या घाताइतके. माझ्या आम्लापेक्षा दहापट. ते मी जमेला धरलेच नव्हते. धरून पुन्हा मांडले तर उत्तर ६.९८, म्हणजे सातच्या किंचित खाली, जसे असायला हवे तसे. पुन्हा तीच खोड: न दिसणाऱ्याची नोंद न करणे. पेट्रोलच्या गणितात ऑक्सिजन, इथे पाणी.

म्हणून कोणी विचारले तर मी सांगते, रसायनशास्त्राचे पुस्तक उघडण्याआधी तीन आठवडे गणिताला द्या. घातांक, त्रैराशिक, लॉगरिदम, आणि सूत्रातली पदे इकडची तिकडे नेणे. बस्स. मी हे पाचव्या महिन्यात केले, तेव्हा मागचे चार महिने पुन्हा करावे लागले.

सेंद्रिय रसायनावर फार लिहीत नाही. तिथे नावे ठेवण्याचे नियम शिकले की आणि इलेक्ट्रॉन कुठून कुठे सरकतो हे बाण काढून पाहिले की गाडी चालते. रासायनिक समतोलाला वेळ द्यावा लागतो. मला तो ‘क्रिया थांबली’ असा वाटायचा. क्रिया थांबत नाही. जितके बनते तितकेच मोडते, म्हणून शिल्लक हलत नाही. रोज हजार जमा आणि हजार खर्च असणारे खाते बंद पडलेले नसते.

एक गोष्ट एकट्याने शिकता येत नाही, हे कबूल करायला हवे. हात. अनुमापन म्हणजे एका द्रावणात दुसरे थेंबथेंब सोडून त्याचे प्रमाण काढणे. विद्यापीठातल्या त्याच्या पहिल्या तासाला मला सगळे सिद्धांत येत होते. फिनॉल्फ्थॅलिन हे रंग बदलून खूण देणारे द्रव्य आम्लात रंगहीन असते आणि आम्लारी घातले की गुलाबी होते, हेही. ब्युरेटची, म्हणजे आकडे कोरलेल्या उभ्या काचनळीची, चावी उघडली, चंबूत गुलाबी लहर उठली आणि विरली, पुन्हा उठली, पुन्हा विरली. छान वाटत होते म्हणून सोडत गेले. मग एकदम गर्द गुलाबी. शेजारची अठरा वर्षांची मुलगी हळूच म्हणाली, ‘ताई, इतकं गर्द नको. हलवल्यावर जेमतेम टिकेल इतकंच फिकट. एक थेंब आधी थांबायचं.’ एक थेंब म्हणजे साधारण ०.०५ मिलिलिटर. शिवाय ब्युरेटचे आकडे वरून खाली वाढत जातात, शून्य माथ्यावर. मी खालून वर वाचून २३.४ चे २४.६ लिहून बसले होते. आणि द्रवाच्या वाकलेल्या पृष्ठभागाचा तळ डोळ्यांच्या रेषेत आणून वाचायचा असतो, उभ्याने वरून डोकावून नाही. पुस्तकात हे सगळे होते. मी वाचलेही होते. तिसऱ्या खेपेला दोन वाचने ०.१ मिलिलिटरच्या आत जुळली, तेव्हा त्या मुलीने माझ्या वहीवर टिचकी मारली.

या उणिवेवर उतारा म्हणून घरी प्रयोग करायचा मोह होतो, मलाही झाला होता. मीठ विरघळवा, स्फटिक वाढवा, त्याला हरकत नाही. पण स्वच्छतेच्या बाटल्यांशी खेळू नका. ब्लीचमध्ये आम्ल पडले की क्लोरीन सुटतो, अमोनिया पडला की क्लोरामाइनचे वायू, दोन्ही विषारी. बंद न्हाणीघरात ‘बघू काय होते’ म्हणणाऱ्याला बघायला फार वेळ मिळत नाही.

आता मुख्य मागणी. संपादक महाशय, तुमच्या पुरवणीत विज्ञानावर दर आठवड्याला काही ना काही येते आणि मी ते आवडीने वाचते. पण ते सगळे ‘थक्क व्हा’ या जातीचे असते. अणू एवढा सूक्ष्म, तारा तेवढा मोठा. थक्क झालेला वाचक पुढच्या आठवड्यात एखादा आकडा पटला नाही की त्याची थट्टा करणारे पत्र लिहितो. कारण तो आकडा तपासायचा कसा, हे त्याला कोणी दाखवलेले नसते. त्या लेखकांनी तीन किलोंच्या वाक्याखाली चार ओळींचा हिशेब दिला असता, तर गेल्या आठवड्याचे पत्र आलेच नसते. तेव्हा एक चौकट द्या. आठवड्याला एकच गणित, शालेय पातळीचे, पूर्ण सोडवलेले. आणि माझा हट्ट असा, की त्यात आधी चुकलेली पायरी छापा. व्हिडिओंमध्ये आणि मार्गदर्शकांमध्ये सगळी गणिते पहिल्या झटक्यात सुटतात. दुसऱ्याची मेळ लागलेली वही पाहून कोणी हिशेब शिकत नाही. मेळ कुठे तुटला आणि कसा सापडला, ते पाहून शिकतो. रात्री साडेनऊनंतर एकटे बसणाऱ्यांना हे कोणी दाखवत नाही. माझी ‘का चुकले’ची वही जाड आहे. हवी असेल तर बिनमोबदला पाठवते, फक्त माझे नाव घालू नका.

पहिल्या चौकटीसाठी गणितही इथेच देऊन ठेवते, आणि ते गेल्या आठवड्याच्या पत्रलेखकांनीच आधी सोडवावे अशी माझी मनापासून इच्छा आहे. एका बंद भांड्यात १०० ग्रॅम मिथेन आणि ३०० ग्रॅम ऑक्सिजन आहे. मिथेनच्या रेणूत एक कार्बन आणि चार हायड्रोजन. ठिणगी टाकली. सरळ आणि पूर्ण ज्वलन होते असे धरा: कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, तिसरे काही नाही. कार्बन डायऑक्साइड किती ग्रॅम होईल? ताळ्यासाठी एवढेच सांगते की शेवटी भांड्यात २५ ग्रॅम काहीतरी न जळता, न वापरता उरले पाहिजे. ते काय, हे पत्राच्या मागच्या बाजूला लिहिले आहे; ती बाजू पुढच्या आठवड्यात छापावी.

आपली,
एक नियमित वाचक
(नाव आणि पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर, प्रसिद्ध करू नये.)